कळलावी आणि मर्यादवेल

'कळ' या शब्दाला मराठीत एकाहून अधिक तोंडे आहेत. एक कळ पोटात येते, दुसरी घरात लागते. अडलेल्या बाळंतिणीच्या पोटावर आणि तळपायांवर पूर्वीच्या सुइणी ज्या कंदाचा लेप देत आणि मूल बाहेर आले की तत्काळ धुऊन टाकीत, त्या कंदाच्या वेलीला 'कळलावी' हे नाव पडले ते पहिल्या अर्थाने. (त्या लेपाने किती सुटल्या आणि किती दगावल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कंद जहरी आहे. हा उपाय आज कोणी करू नये, हे इथेच सांगून ठेवतो.) पुढे शब्दाचा पाय घसरला. भांडण लावून मजा पाहणारा तो कळलाव्या. तेव्हा कळलावीचे फूल घरात आणले की घरात भांडण लागते, ही समजूत मागोमाग आलीच. वेलीने काही केले नव्हते. जे केले ते नावाने केले.

गंमत अशी की, घाटावर जिला घरात घेत नाहीत तीच वेल खाली कोकणात 'गौरीचे हात' म्हणून गौरीच्या पूजेला लागते. भाद्रपदात ती ऐन बहरात असते. पाकळ्या सहा, कडा नागमोडी, आणि साऱ्या मागे वळून वर उभ्या राहिलेल्या. आधी हिरवट पिवळ्या, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, शेवटी नुसता अंगार. बोटे वर करून कोणी ओंजळ उघडावी तसे ते फूल दिसते. आपल्या कानडी शेजाऱ्यांकडेही ती 'गौरी हूवु'च आहे. शिवाय कानडीत तिला 'हुली उगुरु', म्हणजे वाघाचे नख, असेही नाव आहे. मराठीत 'खड्यानाग' म्हणतात. संस्कृतात कंदाच्या नांगरासारख्या आकारावरून 'लांगली' आणि फुलावरून 'अग्निशिखा'. एकाच वेलीच्या अंगावर देवी, वाघ, नाग, नांगर, आग आणि भांडण एवढी ओझी आपण घातली आहेत. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याला हे नवे नाही. एकाच माणसाला गल्लीच्या या टोकाला एक नाव असते आणि त्या टोकाला दुसरे; माणूस तोच.

या वेलीला चढण्यासाठी वेगळे तणावे नसतात. तिच्या पानाचे टोकच लांबत जाऊन गुंडाळी होते आणि शेजारच्या काटकीला धरते. पावसाळ्यात कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर ती चढते, कार्तिकानंतर वाळते आणि जमिनीखाली कंद होऊन पडून राहते. मुळापासून बियांपर्यंत तिच्यात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले आणि गोमूत्रात शुद्ध केल्याखेरीज वापरू नये असा दंडक घातला. रताळे किंवा कणंग समजून हा कंद उकडून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आहेत. हेच कोल्चिसीन मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर, ज्याला इंग्रजीत गाउट म्हणतात त्यावर, जुने आणि खात्रीचे औषध आहे. पेशींचे विभाजन रोखण्याच्या त्याच्या गुणाचा उपयोग करून १९३७ पासून वनस्पतींच्या नव्या जाती तयार करण्याचे शास्त्र पुढे सरकले. मारण्याचा गुण आणि तारण्याचा गुण एकच, फरक मात्रेचा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रालगत वाळूच्या टेकड्यांची रांग आहे. या टेकड्यांवर कळलावी तण म्हणून माजली आहे. लोकांनी ती बागेत शोभेसाठी लावली. तिकडे तिचे नाव ग्लोरी लिली. बागेतला छाटलेला कचरा टेकड्यांच्या कडेला टाकला गेला, त्यातून कंद गेले. लाल बिया पाखरांनी नेल्या. वाळूत तिला मोकळे रान मिळाले. तिच्या गालिच्याखाली तिथली मूळची झुडपे, गवते, रोपे उजेडाविना मरतात. परक्या वेलींचे आक्रमण ही न्यू साउथ वेल्समध्ये कायद्याने नोंदलेली धोक्याची बाब आहे. किनाऱ्यालगतच्या गावांतली माणसे सुट्टीच्या दिवशी हातमोजे घालून टेकड्यांवर जातात आणि ती उपटतात. कंद खोल असतो, तुकडा राहिला की पुन्हा फुटतो. आपल्या पौष-माघात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, जेव्हा ती तिकडे फुललेली असते, तेव्हा गौरीचे हात पोत्यात भरून नेले जातात.

हे ऐकल्यावर आपल्याला जे वाटते ते साधारणपणे सासरी दिलेल्या मुलीविषयी तक्रार आल्यावर माहेरच्यांना वाटते तसे असते. आमची पोर अशी नव्हती हो! आणि ते खरेही असते. पण सासरचे खोटे बोलत नसतात, हेही खरे असते. या दोन खऱ्यांमध्ये उभे राहून न्याय कसा करायचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, ती आपली एकट्यांची नाही. आफ्रिकेचा मोठा भाग आणि दक्षिण आशिया हे दोन्ही तिचे माहेर आहे. झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे, तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे. श्रीलंकेत स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्यांनी तेच आपले राष्ट्रपुष्प ठरवले होते, आणि २००९ साली तिथले युद्ध संपल्यावरही त्या फुलाच्या चित्राकडे एक घर हुरहुरीने तर दुसरे घर संशयाने पाहते. घरात आणले की भांडण लागते ही आपल्या आजीची समजूत तिथे वेगळ्याच रीतीने खरी झाली म्हणायची.

दुसरी गोष्ट, ती स्वतःहून गेली नाही, नेली गेली. युरोपच्या ज्ञानात ती जाण्याचा एक रस्ता आपल्या माणसांच्या हातांतून गेला आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामात मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतले, कोकणी भाषेतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. कोचीनचा कोकणी समाज हा गोव्यातून परागंदा झालेल्यांचा समाज. त्या ग्रंथात कळलावी 'मेंदोणी' या मलबारी नावाने आहे. त्याच नावावरून युरोपात ती काही काळ 'मेथोनिका' म्हणून ओळखली गेली. पुढे १७५३ साली लिनियसने 'ग्लोरिओसा सुपर्बा' असे भरजरी नाव दिले. गाव सोडावे लागलेल्या माणसांच्या साक्षीने एका वेलीची ओळख परदेशी गेली, यात मला काही तरी बोलके वाटते. माणसांनी नेलेल्या गोष्टींत देव, भाषा आणि झाडपाला या तिन्ही गोष्टी नेहमी एकाच गाठोड्यात असतात.

मग परके कोण आणि मूळचे कोण? ऑस्ट्रेलियात याची रेषा सहसा १७८८ या सालावर ओढतात. त्या वर्षी सिडनीला इंग्रजांची पहिली वसाहत झाली. त्याआधी जे तिथे होते ते मूळचे, नंतर आले ते परके. रेषेत एक विनोद आहे: मूळचा कोण हे ठरवणारे स्वतः त्याच रेषेच्या पलीकडून, मेंढ्या आणि ससे घेऊन आलेले. पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ तिथे राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले नाही. काही हजार वर्षांपूर्वी माणसांबरोबर आशियातून गेलेला डिंगो कुत्रा मात्र बहुतेक हिशेबांत रेषेच्या आत बसतो. तारीख ही सोय आहे, सत्य नव्हे, आणि सोय म्हणून तिचा मान ठेवायला माझी हरकत नाही. पण ही तारीख आपल्या घरात लावून पाहा. दसऱ्याला वाहनांना, दिवाळीला दाराला ज्या झेंडूच्या माळा आपण बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. तिकडेही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणाला तीच फुले वाहतात. आणि एकादशीचे ताट? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा, हिरवी मिरची, सारी अमेरिकेची. शेकडो पिढ्यांचा आपला तांदूळ मात्र त्या दिवशी चालत नाही! परक्याला देवघरात घ्यायचे आणि घरच्याला एक दिवस बाहेर ठेवायचे, ही आपली जुनी रीत आहे. कोणी तिला अज्ञान म्हणेल. मला ती मनाची ऐसपैस बैठक वाटते.

तेव्हा 'कुठून आलास?' या प्रश्नाने निकाल लागत नाही. लागायचाच तर 'आल्यावर काय केलेस?' याने लागेल. झेंडू चारशे वर्षे इथे आहे, पण त्याने कोणते रान मोडले नाही. त्याच खंडातून आलेल्या एका झुडपाला मात्र सह्याद्रीतल्या लोकांनी 'रानमोडी' हेच नाव दिले. चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना रस्त्याच्या कडेला ती दिसते. नाव देणाऱ्याला वनस्पतिशास्त्र येत नव्हते. त्याने गावाचा पत्ता विचारला नाही, वागणूक पाहिली. घाणेरीचे आणि जलपर्णीचेही तेच. दोघीही सुंदर फुलांसाठीच बोलावून आणलेल्या.

इथे किनाऱ्यावरची एक दुसरी वेल आठवते. गोव्याच्या, कारवारच्या वाळूत भरतीच्या रेषेच्या जरा वर, जांभळ्या कर्ण्यांसारख्या फुलांची, आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले पान असलेली वेल पसरलेली असते. तिला आपल्या लोकांनी 'मर्यादवेल' म्हटले. समुद्राने इथवर यावे, पुढे नाही. वाऱ्याने वाळू इथवर न्यावी, पुढे नाही. तिची मुळे वाळू धरतात, टेकडी बांधतात. ही वेल आपल्याकडे आहे तशी ऑस्ट्रेलियाच्या त्याच किनाऱ्यांवरही आहे आणि तिथे ती मूळची मानली जाते. तिच्या बिया खाऱ्या पाण्यात महिनोन् महिने तरंगतात आणि तरीही रुजतात. जगातल्या बहुतेक उष्ण किनाऱ्यांवर ती अशी स्वतःच्या पायांनी, किंवा लाटांच्या पायांनी म्हणा, पोचली.

म्हणजे दोघी वेली, दोन्ही वाळूत, पण एक स्वकीय आणि एक परकी. फरक एवढाच की एकीला समुद्राने नेले आणि एकीला माणसाने. समुद्राने नेले तर निसर्ग आणि माणसाने नेले तर आक्रमण, हा हिशेब कसला? माणूस निसर्गाबाहेरचा आहे काय? हा आक्षेप हुशार आहे, आणि पुष्कळ जण इथेच थांबून हात झटकतात: सगळेच बदलते, सगळेच कुठून तरी येते, मग उपटायचे कशाला?

मला हा आक्षेप पटत नाही, आणि का ते सांगतो. फरक नेणाऱ्या हाताच्या पवित्र-अपवित्रतेचा नाही, वेगाचा आणि शेजाराचा आहे. कळलावीचे पान जहरी असले तरी आपल्याकडे त्यावर जगणारी एक अळी आहे. काळसर अंगावर पांढरे-पिवळे-तांबडे ठिपके असलेली ही अळी, जिच्या पतंगाच्या शास्त्रीय नावातही 'ग्लोरिओसे' आहे, पावसाळ्यात वेलीची पानेच्या पाने फस्त करते. पाने विषारी असून तिचे काही बिघडत नाही. तिच्याबरोबर बुरशी आहे, करवंदीची दाटी आहे, खणून नेणारा माणूस आहे. लाखो वर्षांच्या ओढाताणीतून ही मर्यादा पडली आहे. तिकडच्या वाळूत कंद गेला, अळी गेली नाही. वेल बिघडली नाही. तिला आवरणारा शेजार मागे राहिला. आपण जिला माहेरची सुशील पोर म्हणत होतो तिचे सौशील्य तिच्या एकटीचे कधी नव्हतेच. ते वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून सांभाळलेले होते.

मर्यादवेल हळूहळू गेली. एक बी एका शतकात, दुसरे पुढच्या. तिच्याबरोबर राहायला शिकण्यास किनाऱ्याला वेळ मिळाला. जहाजातून, कुंडीतून, नर्सरीच्या यादीतून जे जाते ते वेळ देत नाही. आणि त्या टेकड्यांवर अशीही झुडपे आहेत की ज्यांना त्या पट्ट्याखेरीज जगात दुसरे घर नाही. कळलावीला अख्खी आफ्रिका आहे, अख्खा भारत आहे. सर्व किनाऱ्यांवर तीच ती दहा-बारा झाडे राहिली तर किनारे राहतील, पण 'हा आमचा किनारा' असे म्हणण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून रविवारी पोते घेऊन जाणारा तो माणूस मला योग्य वाटतो. गौरीचे हात उपटतो आहे, तरी योग्य वाटतो.

पण तो शिक्षा करतो आहे असे मात्र समजू नये. शिक्षा अपराध्याला असते आणि अपराधाला हेतू लागतो. वेलीला हेतू नाही. नदीला बांध घालणारा नदीवर रागावलेला नसतो. याला बंदोबस्त म्हणावे. ज्याच्या हातून शिक्षा होते त्याला आपण न्यायी आहोत असा ताठा चढतो. बंदोबस्त करणाऱ्याला तो चढायचे कारण नाही. उलट थोडी लाज हवी, कारण हेतू होता तो माणसाला होता.

आणि तो हेतू पुष्कळदा चांगला होता, हीच अडचण. त्याच किनाऱ्यावर दक्षिण आफ्रिकेतले बिटू बुश नावाचे पिवळ्या फुलांचे झुडूप आहे. वाळू उडू नये, टेकड्या पक्क्या व्हाव्यात म्हणून सरकारी मृदसंधारण खात्याने १९४६ ते १९६८ पर्यंत ते स्वतः लावले. आज ते त्या देशातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत आहे आणि त्याच्यावर हेलिकॉप्टरने औषध फवारावे लागते. एवढे करून जागा मोकळी झाली की काही ठिकाणी तिथे कळलावी शिरते. लावणारे अधिकारी केव्हाच निवृत्त झाले. त्यांच्या नातवंडांच्या पिढीने हातमोजे घातले. कर्म एकाचे आणि भोग दुसऱ्याचा, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण कीर्तनातही मिळणार नाही.

आपण हसायचे कारण नाही. कारवारच्या वाळूत १८६८ साली सुरूची लागवड झाली. हे झाड ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापासून ब्रह्मदेशापर्यंतच्या किनाऱ्यांचे. जळण मिळाले, वारा अडला, वाळू थांबली. पुढे गोव्यात, रत्नागिरीत, सिंधुदुर्गात सुरूची बने झाली आणि आता सुरू नसलेल्या समुद्रकिनाऱ्याचे चित्रही आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. सुरूच्या सळयांचा जाड थर पडतो, त्याखाली मर्यादवेल आणि तिच्या सोबतिणी सहसा टिकत नाहीत. म्हणजे कळलावी त्यांच्या वाळूत आणि सुरू आपल्या वाळूत, असा हा देण्याघेण्याचा हिशेब आहे. पण सुरू उपटा असे म्हणणारा मी नाही. दीडशे वर्षांत त्याखाली माणसांचे जगणे रुजले आहे. जिथे टेकडी अजून शाबूत आहे तिथे नवा लावू नये, एवढेच म्हणेन. प्रत्येक परक्याला एकच नियम लावणे ही आळशी माणसाची नीती आहे.

कारवारच्या त्या सुरूबद्दल आणखी एक. तो लावला तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात येऊन थोडीच वर्षे झाली होती. १८६२ पर्यंत ते मद्रासकडे होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते बेळगावबरोबर म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ ला त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. झाड जागचे हलले नाही. पत्ता मात्र बदलत गेला.

इथे आपल्या वाचकांच्या मनात काय चालले असेल ते मी ओळखतो, कारण माझ्याही मनात तेच आहे. १९५६ च्या त्या सकाळी बेळगावातली घरे होती तिथेच होती. त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका रेषेच्या पलीकडे राहिला, खानापूर अलीकडे. सोयरीक दोन्हीकडे. माणूस उंबऱ्यातून न हलता परका होऊ शकतो, हे आपण पुस्तकात वाचलेले नाही. म्हणूनच 'मूळचे' आणि 'उपरे' हे शब्द कोणी झाडांसाठी वापरले तरी आपले कान टवकारतात. ते टवकारावेत हेच बरे. १९४२ साली जर्मनीत काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी मध्य आशियातून आलेल्या एका लहानशा पिवळ्या फुलाच्या रोपाविरुद्ध संहाराचे युद्ध पुकारावे असे लिहिले, आणि त्याची तुलना बोल्शेविकांविरुद्धच्या लढाईशी केली. ते रोप तेरड्याच्या कुळातले, म्हणजे गौरीच्या दुसऱ्या फुलाच्या नात्यातले. त्या वर्षी त्या देशात कोणत्या माणसांना तण ठरवून उपटले जात होते ते जगाला ठाऊक आहे. झाडाविषयीची भाषा माणसांवर घसरली की काय होते ते तिथे दिसले. आधी म्हटले तसे, शब्दाचा पाय घसरायला वेळ लागत नाही.

तर मग वेल उपटणे योग्य आणि माणसाला उपरा म्हणणे अयोग्य, हे दोन्ही एका तोंडाने म्हणता येते का? येते. वेलीची मर्यादा बाहेरून पडते. अळी, बुरशी, सावली ती घालतात. ती स्वतःला थांबवू शकत नाही आणि कोणाला जागा करून देऊ शकत नाही. माणूस देऊ शकतो. नव्या गावात आलेला माणूस तिथली भाषा शिकतो, तिथल्या देवळाच्या वर्गणीत पैसे घालतो, लेकीचे लग्न त्या गल्लीत करतो. मराठीने कानडीकडून तूप घेतले, अडकित्ता घेतला, अण्णा आणि अक्का घेतले. म्हणून कानडीची चूल विझली नाही. (घृत बिचारे होमापुरते उरले, पण त्यात कानडीचा दोष नाही.) भाषांची अशी देवघेव तण नव्हे. भाषेच्या बाबतीत तण म्हणायचेच तर त्या आग्रहाला म्हणावे, जो दुसऱ्या भाषेच्या मुलाला शाळेत उजेड पोचू देत नाही, मग तो आग्रह कुठल्याही झेंड्याखालचा असो.

आणि हे वाक्य लिहिल्यावर आपल्याच अंगणात पाहणे भाग आहे. आपल्याला कोणी उपरे म्हटले की आपण पेटून उठतो. पण बांधकामावर बिहारहून आलेला पोरगा, दुष्काळी तालुक्यातून ऊसतोडीला आलेले कुटुंब यांच्याविषयी आपल्या ओट्यावर, चहाच्या कपाबरोबर, कोणते शब्द निघतात? 'बाहेरून आले आणि पसरले.' पसरले! हे क्रियापद आपण वेलीसाठी राखून ठेवलेले असते. मी ते अनेक सुशिक्षित घरांत ऐकले आहे, सीमालढ्याच्या आठवणी सांगून झाल्यावर पाच मिनिटांत ऐकले आहे. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही, एवढे त्यातून कळते. ती मुलेही नेलीच गेलेली असतात. कुंडीतून नव्हे, ठेकेदाराच्या ट्रकमधून.

राहता राहिली आपली कळलावी, तिच्या स्वतःच्या माहेरी. तिकडे ती नको इतकी झाली आणि इकडे औषधी व्यापारासाठी कंद खणून नेल्यामुळे कित्येक रानांत विरळ झाली, असा हा उलटा न्याय आहे. त्यावर एक तोड तमिळनाडूत निघाली आहे. दिंडिगुल, करूर, तिरुप्पूर या भागांत शेतकरी तारेच्या आधारावर तिची रीतसर शेती करतात. फुलातली केसरनळी बुडाशीच काटकोनात मोडून बाहेर गेलेली असते, त्यामुळे पराग सहजी पोचत नाही. म्हणून बायामाणसे सकाळी ओळीओळीने फिरून एकेका फुलाला हाताने पराग लावतात. मग शेंगा भरतात, लाल बिया निघतात, त्या औषधासाठी परदेशी जातात. हा धंदा बियांवर चालतो, कंद जमिनीत राहतो. रानात मात्र खणणाऱ्याला वजनाचे पैसे मिळतात, म्हणून तो कंदच उचलतो. बी घेतलेली वेल पुढच्या मृगानंतर पुन्हा वर येते. कंद नेलेली येत नाही. आमच्याकडच्या खेड्यांत गौरीसाठी फुले आणायला जाणाऱ्या मुलींना हा फरक ठाऊक असतो. त्या फूल देठासकट खुडतात, खाली हात घालत नाहीत, आणि घरी आल्यावर हात धुतात.